फिजिक्स-केमिस्ट्री घेतलंय, पुढे काय? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्या रामबागेतल्या घरी पोहे परतायला घेतले की बेल वाजते. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी भाची. 'काकू, जरा विचारायचं होतं.' माझी तीसेक वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत, निर्वात पंपांच्या घरघरीत गेली. त्यामुळे या गल्लीत विज्ञानाचं कुणालाही काहीही विचारायचं असलं की बोट आमच्या दाराकडे जातं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. वयाच्या अटी आणि फॉर्मच्या तारखा मात्र दर वर्षीच्या जाहिरातीतच बघायच्या. माझ्यावर विसंबून फॉर्म चुकवू नका.

नुसत्या बी.एस्सी.वर नोकरी लागते का?

लागते, पण 'वैज्ञानिक' या पदावर नाही. हे आधीच कळलेलं बरं. तीन वर्षांच्या पदवीवर जी दारं उघडतात ती तांत्रिक सहायकाची. भारतीय हवामान विभाग सायंटिफिक असिस्टंट भरतो. परीक्षा कर्मचारी निवड आयोग घेतो आणि बी.एस्सी.ला फिजिक्स हा विषय असणाऱ्यांना तिथे बसता येतं. डीआरडीओ तांत्रिक सहायक घेते. अणुऊर्जा विभागाच्या संस्था 'स्टायपेंडरी ट्रेनी' घेतात: प्रशिक्षण चालू असेपर्यंत विद्यावेतन, ते संपलं की सायंटिफिक असिस्टंट. केमिस्ट्रीवाल्यांसाठी याशिवाय औषध कारखाने आहेतच.

या नोकऱ्यांना कमी लेखू नका. आमच्याकडे एक सहायक होते, पदवी बी.एस्सी.ची. गळती कुठे आहे ते पंपाच्या आवाजावरून सांगायचे. डॉक्टरेटवाले त्यांच्या मागे वही घेऊन फिरत.

'कॅट'मध्ये नक्की चालतं काय? तिथे अणुबॉम्ब बनतो का?

नाही हो! आणि एमबीएच्या परीक्षेशीही याचा काही संबंध नाही. रिक्षावाले अजून 'कॅट' म्हणतात ते सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. १९८४ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली, जागा होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरातली. पहिले संचालक डॉ. भवाळकर, म्हणजे मराठी माणूस. २००५ मध्ये संस्थेला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं, म्हणून आता आरआरकॅट.

काम मुख्यतः दोन गोष्टींवर, लेसर आणि कणत्वरक. इथल्या 'इंडस-१' आणि 'इंडस-२' या यंत्रांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं कड्यात फिरवत ठेवतात. चुंबकानं त्यांना वळवलं की ते प्रकाश फेकतात, अवरक्तापासून क्ष-किरणांपर्यंतचा. 'इंडस-१' १९९९ पासून चालू आहे, ऊर्जा ४५० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. 'इंडस-२' त्याच्या पाचपट ऊर्जेहून पुढे, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि कड्याचा परीघ सुमारे १७२ मीटर. कड्याला जागोजागी फाटे काढलेत, त्यांना बीमलाइन म्हणतात. प्रत्येक बीमलाइनवर वेगळं काम: एकीवर स्फटिकाची रचना, दुसरीवर धातूतल्या अणूंचे शेजारी मोजणं, तिसरीवर पातळ थर तपासणं.

बीमलाइनवरची एक रात्र कशी असते, ते सांगते. नमुना म्हणजे चिमूटभर भुकटी, तपकिरी कॅप्टॉन टेपमध्ये दाबलेली. शिशाच्या जाड खोलीत तो बसवायचा, आत कुणी उरलं नाही हे फिरून पाहत भिंतीवरची बटणं क्रमानं दाबायची, भोंगा वाजतो, दार बंद होतं आणि मगच शटर उघडतं. पुढचे सहा तास पडद्यावर एक रेघ हळूहळू पुढे सरकत राहते. पहाटे तीनला बीम, म्हणजे कड्यातला इलेक्ट्रॉनचा झोत, गेला की सगळे उठून चहाच्या थर्मासकडे. ही वेळ देशभरातल्या विद्यापीठांतल्या मुलांना अर्ज करून मिळते. आसामातून, तामिळनाडूतून मुलं येतात. आपल्या सुदामानगरच्या पोराला मात्र घरापासून चार-पाच किलोमीटरवर काय चाललंय याचा पत्ता नसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि विज्ञान फक्त त्या कुंपणाच्या आतच नाही. चोइथराम मंडीला कांदे-बटाटे घ्यायला जाता ना? त्याच फळ-भाजी मंडीच्या आवारात आरआरकॅटचं इलेक्ट्रॉन किरणांचं केंद्र आहे. तिथे वैद्यकीय वस्तू निर्जंतुक होतात.

आत बघायला मिळतं का?

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी भेटी ठरतात. कॉलेजमार्फत जा. मोबाइल बाहेर ठेवावा लागला तर कुरकुर करू नका.

तिथे वैज्ञानिक म्हणून लागायचं, तर वाट कोणती?

मुख्य वाट म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल. १९५७ पासून चालू आहे. बी.ई. किंवा एम.एस्सी. झालेल्यांना एक वर्षाचं प्रशिक्षण देतात आणि उत्तीर्ण झालं की थेट सायंटिफिक ऑफिसर 'सी', वेतनस्तर १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये. भत्ते वेगळे. निवड त्यांच्या ऑनलाइन परीक्षेतून किंवा गेट परीक्षेच्या गुणांवरून, पण शेवटी मुलाखत सगळ्यांनाच. ही मुलाखत तास-दीड तास चालू शकते. तिथे सूत्र पाठ असून भागत नाही, ते कुठून आलं ते फळ्यावर काढून दाखवावं लागतं.

दोन अटींवर मुलं अडखळतात. ६० टक्के गुण आणि वय. खुल्या वर्गासाठी मर्यादा २६ वर्षांची आहे, राखीव वर्गांना सवलत आहे. एखादं वर्ष बारावीनंतर 'ड्रॉप', एखादं एम.एस्सी.ला 'बॅक', आणि मग एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची, दोन वर्षं, अशी बेरीज करून बघा. २६ कधी उलटलं ते कळतसुद्धा नाही.

माझं स्वतःचं तिथेच फसलं. एका विद्यापीठानं आमचा एम.एस्सी.चा निकाल पाच महिने रखडवला, मुलाखतीच्या दिवशी माझ्या हातात गुणपत्रिकाच नव्हती. परत फिरवलं. घरी येऊन दोन दिवस जेवले नाही, मग आईनं विचारलं, 'दुसरं दार नाही का?' होतं. रिसर्च फेलो म्हणून शिरले, डॉक्टरेट केली आणि त्या वाटेनं आत आले. चार वर्षं जास्त लागली, एवढंच. म्हणून सांगते, शेवटच्या सेमिस्टरच्या निकालाचं पत्र हातात येईपर्यंत विभागप्रमुखांच्या दारात बसा. लाजू नका.

एम.एस्सी. कुठून करू? होळकर, विद्यापीठ की आयआयटी?

होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं. आमच्या आजोबांपासून घरातल्या अर्ध्या माणसांची पदवी तिथली, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती समजू नका. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या परिसरात स्कूल ऑफ फिजिक्स आहे, आणि त्याच परिसरात यूजीसी-डीएई कन्सोर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्चची इमारत. १९८९ मध्ये सुरू झालेली ही संस्था केवळ विद्यापीठांतल्या संशोधकांना मोठी उपकरणं वापरायला मिळावीत म्हणून काढली आहे. अतिशीत तापमान, मोठी चुंबकीय क्षेत्रं, बीमलाइन, सगळं. म्हणजे विद्यापीठात शिकणाऱ्याला रस्ता ओलांडायचीही गरज नाही, प्रोजेक्टसाठी नुसतं चालत जायचं. किती जण जातात? विचारू नका.

आयआयटी इंदूर २००९ ची, कॅम्पस सिमरोलला, त्याच खंडवा रोडवर पुढे. तिथल्या एम.एस्सी.ला जाम परीक्षेतून प्रवेश. खगोलशास्त्राची एम.एस्सी.ही आहे. भोपाळला आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, बारावीनंतरच तिथे जायचं असेल तर त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा.

नावापेक्षा मी एकच विचारते. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला तुम्ही कोणत्या यंत्रावर हात चालवला? आयआयटीतून येऊन ज्यानं सहा महिने दुसऱ्याच्या आकडेवारीचे आलेख काढले, त्याच्यापेक्षा होळकरमधून आलेली आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायचा, नमुना स्वतः बसवता येणारी मुलगी मी आधी घेईन. घेतलीही आहे.

जाम, गेट, नेट, जेस्ट... सगळ्या द्यायच्या?

या परीक्षांचं कामच वेगवेगळं आहे. जाम ही एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी द्यायची. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा असते. ती जेआरएफसाठी, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपसाठी, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी आणि २०२४ पासून नुसत्या पीएच.डी. प्रवेशासाठीही चालते. गेट ही डीआरडीओचा सायंटिस्ट 'बी', बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, भाभा केंद्राची मुलाखत, काही सरकारी कंपन्या, अशा बऱ्याच कुलपांना लागणारी किल्ली आहे. गुण तीन वर्षं चालतात. जेस्ट फिजिक्सवाल्यांसाठी, संशोधन संस्थांत पीएच.डी.ला. टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, स्वतःची वेगळी.

अभ्यास बहुतेक एकच आहे: यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकी, गणिती पद्धती. परीक्षांची नावं बघून चार वेगवेगळ्या क्लासचे पैसे भरू नका.

पीएच.डी. करावी का? शेजारचे म्हणतात म्हातारा होईपर्यंत शिकतच राहतो.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. नियमानं पीएच.डी. तीन ते सहा वर्षांत संपायची, प्रत्यक्षात पाच धरून चाला. त्यानंतर संशोधनातच राहायचं तर पोस्टडॉकची, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-तीन वर्षं, बऱ्याचदा परदेशात. कायम नोकरी हातात येईपर्यंत तिशी उलटते.

पण हा काळ फुकटचा नाही. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडं. पैसे वेळेवर येतीलच असं मात्र समजू नका. माझ्या हाताखालच्या एका मुलाची फेलोशिप आठ महिने अडकली होती. खोलीचं भाडं, मेसचं बिल, घरी सांगायची चोरी. तेव्हा निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

यात सर्वात मोठा निर्णय विषयाचा नसतो, मार्गदर्शकाचा असतो. मुलं संकेतस्थळावर शोधनिबंध मोजतात. ते बघाच, पण त्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांबरोबर कॅन्टीनला चहा प्या. विचारा, शेवटचा विद्यार्थी किती वर्षांत सुटला? तो आता कुठे आहे? सर रागावले की काय होतं? यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीला पैसे असतात का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मुलं हसली तर समजून घ्या.

आणि सोडावीशी वाटली तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवा. चौथ्या वर्षी सोडणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, पण त्यालाच ते फार लागतं.

मुलीनं इतकं शिकून लग्नाचं काय?

हा प्रश्न मुलगी स्वतः कधी विचारत नाही, तिची आत्या विचारते. आत्यासाठी माहिती: पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळते, मुदतही दोन वर्षं वाढवून मिळू शकते. मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या खास फेलोशिपा आहेत. माझं लग्न डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षी झालं, प्रबंधाचा शेवटचा भाग मुलीला पाळण्यात झोपवून लिहिला. सासूबाई दोरी ओढत होत्या.

केमिस्ट्री घेतली तर पीथमपूरशिवाय काय?

'शिवाय' कशाला? पीथमपूरलाच नीट बघा आधी. ल्युपिन, सिप्ला तिथे आहेत, इप्का रतलामलाही आहे, सांवेर रोडवर लहान-मोठे कारखाने वेगळे. एम.एस्सी. केमिस्ट्रीचा मुलगा बहुधा क्यूसीत लागतो, म्हणजे गुणवत्ता तपासणीत. काम एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळायची, कॉलममधून सोडायची आणि पडद्यावर टोकं उमटताना बघायची. ठरलेल्या मिनिटाला ठरलेलं टोक आलं पाहिजे. शेजारी एखादं इवलंसं, न बोलावलेलं टोक दिसलं की सगळ्या मजल्याचं धाबं दणाणतं. ती अशुद्धता कुठून आली, याचा शोध घेणं ही खरी केमिस्ट्री आहे. जो नुसतं बटण दाबतो तो दहा वर्षांनीही तिथेच असतो, जो त्या टोकाच्या मागे लागतो त्याला आरअँडडीत, अॅनालिटिकल डेव्हलपमेंटमध्ये बोलावतात.

मुलं कंटाळतात ती लिहिण्याला. इथे जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. खाडाखोड केली तर एकच रेघ, सही, तारीख. परदेशी तपासनीस येतो तेव्हा तो गोळी बघत नाही, तुमची वही बघतो. ज्याला रोजच्या नोंदीचा कंटाळा आहे त्यानं या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाळ्यांची तयारी हवी आणि कंपनीच्या बसला पहाटे निघायचीही.

देवासची बँक नोट प्रेस विसरू नका. तिथे नोटांच्या शाईचा स्वतःचा कारखाना आहे आणि शाई म्हणजे केमिस्ट्रीच. जाहिरात रोज येत नाही, पण येते.

फिजिक्सवाल्याला हॉस्पिटलमध्ये नोकरी, हे खरं का?

अगदी खरं, आणि फार थोड्यांना माहीत. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना गाठीवर किती मात्रा पडावी आणि शेजारच्या अवयवाला किती कमी, याचं गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ करतो. डॉक्टर मात्रा ठरवतात, ती तशीच पडतेय ना हे भौतिकतज्ज्ञ बघतो. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी यंत्राची तपासणी त्यालाच करायची असते. पाण्याच्या टाकीत आयनीकरण कक्ष, म्हणजे किरण मोजायचं साधन, उतरवून किरण मोजतात, आकडा जरा हलला तरी यंत्र थांबवायचा अधिकार त्याचा.

वाट अशी: एम.एस्सी. फिजिक्स ६० टक्क्यांनी, मग भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग किरणोपचार विभागात एक वर्ष इंटर्नशिप. मेडिकल फिजिक्समध्ये थेट एम.एस्सी. देणारी काही विद्यापीठंही आहेत, फक्त त्या अभ्यासक्रमाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता आहे की नाही ते फी भरण्याआधी तपासा. नियमाप्रमाणे प्रत्येक किरणोपचार केंद्राला असा माणूस लागतोच. जागा कमी, पण उमेदवार त्याहून कमी.

सरकारी नोकरी हवी, पण प्रयोगशाळा नको. काही आहे?

पेटंट कार्यालयाचा परीक्षक. फिजिक्स-केमिस्ट्रीचे एम.एस्सी. चालतात, पद राजपत्रित, वेतनस्तर १०. शोध खरंच नवा आहे का, हे जुने कागद उकरून ठरवायचं. चिकाटीच्या माणसाला नंदनवन. खासगीत पेटंट एजंटची परीक्षा देऊन तेच काम दुसऱ्या बाजूनं करता येतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ घेतात, यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून. तंबूत राहायची आवड असेल तर. न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, राज्याची मुख्य सागरला. गोळीवरच्या खुणा, आवाजाचे नमुने हे भौतिकी विभागात येतं. टीव्हीवरच्या मालिकांतलं चकचकीत काही नसतं, लाखेनं सील केलेल्या पुड्या आणि कोर्टाच्या तारखा असतात.

प्राध्यापक व्हायचंय.

नेट किंवा सेट, म्हणजे राज्याची तशीच पात्रता परीक्षा, मग एमपीपीएससीच्या जाहिरातीची वाट. ती कधी येईल ते महाकालच जाणे. तोवर बहुतेक जण अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते प्राध्यापक, म्हणून शिकवतात. २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, पण स्पर्धेत ती लागतेच. शैक्षणिक स्तर १० ला मूळ वेतन ५७,७००. आयआयटीत शिकवायचं तर डॉक्टरेट, पोस्टडॉक आणि स्वतःचे निबंध, तिथे नेटला कुणी विचारत नाही.

भंवरकुव्याला कोचिंगमध्ये शिकवलं तर? पैसे बरे मिळतात.

मिळतात. तेविसाव्या वर्षी मिळालेले बरे पैसे सोडवत नाहीत, हीच अडचण आहे. दिवसाला सहा तास घर्षणावरची तीच गणितं सोडवून संध्याकाळी क्वांटमचं पुस्तक उघडत नाही. शिकवण्याची खरी आवड असेल तर बी.एड. करा आणि वर्ग-१ च्या शिक्षक भरतीकडेही बघा. खर्चापुरतं शिकवायचं असेल तर शनिवार-रविवार, त्याहून जास्त नको.

सगळे डेटा सायन्सला चाललेत. मीही जाऊ?

जायला हरकत नाही, फिजिक्सच्या मुलांना ते जमतं. गोंगाटातून संकेत वेगळा काढणं हेच तर आम्ही आयुष्यभर केलं. पण तीन महिन्यांचं प्रमाणपत्र दाखवू नका. पायथनमध्ये स्वतःच्या प्रयोगाची आकडेवारी घ्या, चुकीची मोजमापं कशी पकडली ते दाखवा. मुलाखतीत लोक त्याबद्दलच विचारतात.

क्वांटम आणि चिप यांची एवढी चर्चा आहे, त्यात खरं किती?

पैसा खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंत. चार केंद्रं: बंगळुरूचं आयआयएससी आणि मद्रास, मुंबई, दिल्ली इथल्या आयआयटी. त्याच महिन्यात लायगो-इंडियालाही मंजुरी मिळाली, सुमारे २,६०० कोटींची. गुरुत्वीय लहरी टिपणारी ती वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेबरोबर आपलं आरआरकॅटही आहे. शेजारच्या गुजरातेत साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना.

माणसं कोणती लागतील? क्वांटम हा शब्द ऐकून सिद्धांताकडे धावणाऱ्यांपेक्षा निर्वात सांभाळणारी, लेसर जुळवणारी, पातळ थर चढवणारी, क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत, आठ तास टोपी-मुखवटा घालून उभी राहणारी. त्या चार किलोमीटरच्या नळ्यांत हवेचा मागमूस चालत नाही. म्हणजे कुणीतरी प्रत्येक जोडावर हीलियमची पिचकारी मारत, गळतीमापकाच्या काट्याकडे बघत बसणार. तांब्याची चकती दोन धारदार कडांमध्ये ठेवून बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं आवळले की चकती वाया. हे पुस्तकात वाचून येत नाही, मीही चार चकत्या वाया घालवल्या तेव्हा कुठे हात बसला.

परदेशात जायचं तर जर्मनी का अमेरिका?

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्याकडच्या मुलांना दर सेमिस्टर १,५०० युरो पडतात. तिथे पीएच.डी. बहुधा नोकरी म्हणूनच असते, पगारासकट. हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ आणि इटलीतल्या त्रिएस्तेच्या एलेट्रा या इंडससारख्या यंत्रांवर, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर, भारतानं बीमलाइनचा वेळ घेऊन ठेवलाय, म्हणजे इथे पीएच.डी. करतानाही तिथे काम करून येता येतं. नमुने हातातल्या बॅगेत ठेवा आणि भुकटीबरोबर संस्थेचं पत्र. माझी एक विद्यार्थिनी विमानतळावर पांढऱ्या भुकटीच्या बाटल्यांसह दोन तास अडकली होती. अमेरिकेबद्दल विचारायचं तर नुकत्याच गेलेल्यांना विचारा, माझी माहिती जुनी झाली.

इंग्रजी कच्चं आहे. घरी मराठी, शाळा हिंदी.

माझंही तसंच होतं. बोलणं दोन वर्षांत येतं. लिहिण्यासाठी रोज एक परिच्छेद: आज काय मोजलं, काय बिघडलं, उद्या काय. वहीत, इंग्रजीत. कुणाला दाखवू नका हवं तर.

मी आत्ता बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात काय करू?

तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, टीआयएफआरचाही उन्हाळी कार्यक्रम आहे. दोन्हींचे अर्ज थंडीतच भरावे लागतात, मे उजाडल्यावर विचारणाऱ्यांना मी नुसते पोहे देते. फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची, आयएपीटीची, पदवीस्तरावरची परीक्षा द्या, आपण देशात कुठे उभे आहोत ते कळतं.

काहीच मिळालं नाही तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक तरी बंद पडलेलं यंत्र असतंच. प्रयोगशाळा सहायकांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. उघडा, फोटो काढत जा, कोणती तार कुठली ते लिहा, आधी प्लग काढा. मल्टिमीटर नसेल तर आमच्याकडचा न्या, पिवळा आहे, त्याची नऊ व्होल्टची बॅटरी तेवढी बदलून आणायची.